प्रा. दि. ब. देवधर : मास्तरांच्या नावाची ट्रॉफी

विभागीय संघांची एकदिवसीय देवधर ट्रॉफी १९७३-७४ साली सुरू झाली. आपला विदर्भ मध्य विभागात येतो. पण हे देवधर कोण? आपल्यासारखेच मास्तर! दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवायचे. १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. भारताची पहिली कसोटी १९३२ ची. तोवर ते चाळिशीत पोचले होते. कसोटी खेळायला मिळालीच नाही. तरी रुसून बसले नाहीत. त्यांच्या नेतृत्वात महाराष्ट्राने सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. ५२ व्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतकं ठोकली! १९९३ मध्ये, १०१ वर्षांचे होऊन ते गेले. केळापुरातल्या एखाद्या पोराची तालुका संघातली निवड हुकली, तर त्याला देवधर मास्तर नक्की सांगा.