खाटेवरूनही चालत राहिलेली लेखणी

जबलपूर : हिंदी व्यंगलेखनाला साहित्यात प्रतिष्ठा मिळवून देणारे हरिशंकर परसाई यांचा जन्म २२ ऑगस्ट १९२४ रोजी होशंगाबाद जिल्ह्यातील जमानी या गावी झाला. आई प्लेगने दगावली आणि धाकट्या भावंडांचा भार कोवळ्या वयातच त्यांच्यावर आला. नागपूर विद्यापीठातून एम.ए. झालेले परसाई जबलपुरात शिक्षक होते. पुढे नोकरी सोडून ते लेखणीवरच जगले. ते अविवाहित राहिले. त्यांच्या ‘वसुधा’ मासिकात मराठी मातृभाषेच्या मुक्तिबोधांचे लेखन प्रसिद्ध झाले.

सत्तरच्या दशकात परसाईंच्या पायाचे हाड मोडले. आज खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच रुग्णाला आधाराने उभे करतात. कारण दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू झिजतात, सांधे आखडतात, शय्याव्रण होतात. परसाईंच्या वाट्याला मात्र अखेरपर्यंत बहुतांशी खाटच आली.

या दुखण्याचेही त्यांनी भांडवल केले नाही, त्याचे व्यंग केले. पाय मोडताच चरणस्पर्श करणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा ही श्रद्धाच अपंग असल्याचे त्यांनी दाखवले. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या संग्रहास १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ‘देशबंधु’ दैनिकातून ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिले. १० ऑगस्ट १९९५ रोजी जबलपुरात त्यांचे निधन झाले. चालणे थांबले, तरी अन्यायावरील त्यांची नजर ढळली नव्हती.