गोटीच्या बाटलीचे जनक : हिराम कॉड

सोडावॉटरची गोटीची बाटली आमच्या ज्ञातिबांधवांपैकी ज्येष्ठांस तरी अपरिचित नाही. लग्नकार्यात वा जत्रेत अंगठ्याने गोटी आत दाबताच उठणारा तो आवाज अनेकांच्या बालपणाशी निगडित आहे. परंतु ही बाटली ज्यांच्या बुद्धीतून निर्माण झाली, त्या हिराम कॉड यांचे नाव फार थोड्यांनी ऐकले असेल. त्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

कॉड यांचा जन्म १८३८ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात बरी सेंट एडमंड्स या गावी झाला. पुढे ते बुचे विकणाऱ्या एका कंपनीचे फिरते विक्रेते झाले. गावोगाव हिंडताना आपल्याच मालातील दोष त्यांच्या ध्यानी आला. बूच वाळले की आकसते आणि सोड्यातील वायू निसटतो. म्हणून तळाशी निमुळत्या अशा बाटल्या आडव्या ठेवून बूच ओले राखावे लागे.

इतरांनी हा दोष झाकला असता. कॉड यांनी त्यावर उपाय शोधला. १८७० साली त्यांनी पहिले पेटंट घेतले व १८७२ साली बाटलीस सुधारित रूप दिले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाच्या आतील खाचेत रबरी कडे, एवढीच ती योजना होय. बाटली उलटी धरून भरली की गोटी तोंडाशी येते व वायूचा दाब तिला रबरावर घट्ट बसवितो. जो दाब बूच उडवी, त्याच्याकडूनच त्यांनी बुचाचे काम करून घेतले! पुढे यॉर्कशायरमधील काचकारखानदार बेन रायलँड्स यांच्याशी त्यांनी भागीदारी केली व बाटलीचा प्रसार वाढला.

दुर्दैवाने कॉड यांना पन्नाशीही गाठता आली नाही. १८८७ साली लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट घेतले आणि कालांतराने गोटीची बाटली मागे पडली; तथापि भारतात व जपानात ती टिकून राहिली.

गोटीच्या मोहाने मुलांनी असंख्य बाटल्या फोडल्या. त्यामुळे जुन्या अभंग बाटल्या आज संग्राहक मोठ्या आस्थेने जपतात. त्यातही निळ्या व तपकिरी काचेच्या बाटल्यांना विशेष मोल आहे.

आपल्या धंद्यातील उणीव प्रामाणिकपणे पाहणे हीच उन्नतीची पहिली पायरी, हा बोध आमच्या तरुण ज्ञातिबंधूंनी या चरित्रातून घ्यावा. आणि कोणाच्या माळ्यावर अशी एखादी बाटली धूळ खात पडली असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी मुलाबाळांस तिच्या कर्त्याचे नाव अवश्य सांगावे, अशी आमची नम्र विनंती आहे.