दात्यांच्या नावांनी उलगडली धम्मलिपी : जेम्स प्रिन्सेप

आज आपले तरुण लेण्यांवर जातात आणि शिलालेखातले एकेक अक्षर जुळवून वाचतात. दोनशे वर्षांपूर्वी भारतात हे कुणालाच जमत नव्हते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा गावातला अशोकस्तंभ दिल्लीला आणवला आणि त्यावरचा लेख वाचण्यासाठी पंडितांना बोलावले. तो कुणालाही वाचता आला नाही. अशोकाने आपल्या लेखांना धम्मलिपी म्हटले आहे, अभ्यासक त्या लिपीला ब्राह्मी म्हणतात. तिचे कोडे सोडवणारे जेम्स प्रिन्सेप यांचे आयुष्य आपण माहीत करून घ्यायला हवे.

प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा. १८१९ मध्ये ते कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीला आले. नाण्यांतल्या धातूचा कस तपासणे हे त्यांचे काम. पुढे दहा वर्षे ते बनारसच्या टांकसाळीत होते. १८३० मध्ये कलकत्त्याला परतल्यावर ते एशियाटिक सोसायटीचे सचिव झाले. देशभरातून जुनी नाणी आणि लेखांचे ठसे त्यांच्याकडे येऊ लागले. कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारखे पंडित त्यांच्या मदतीला होते.

१८३७ मध्ये कॅप्टन स्मिथ यांनी सांची स्तूपाच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे पाठवले. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. स्तूपाला लोक दान देतात, तेव्हा शेवटचा शब्द दानं असावा आणि त्याआधी दात्याचे नाव, हे प्रिन्सेप यांनी ताडले. त्यावरून द, न आणि अनुस्वार हाती लागले. मग थोड्याच काळात बाकीची वर्णमाला उलगडली आणि दिल्लीचा स्तंभही वाचता आला.

त्यात देवानंपिय पियदसि असे राजाचे नाव होते. प्रिन्सेप यांना आधी तो सिंहलद्वीपाचा राजा वाटला. पण तिथेच पाली ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसाच्या आधारे दाखवून दिले की पियदसि म्हणजे सम्राट अशोक. भारतात दगड मुके झाले होते, श्रीलंकेच्या भिक्खू संघाने मात्र आठवण जपली होती.

अतिश्रमाने प्रिन्सेप यांची प्रकृती ढासळली. १८३८ मध्ये ते मायदेशी परतले आणि २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये वारले. तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते.

ते कंपनी सरकारचे नोकर होते, हे आम्ही विसरत नाही. पण त्यांच्या शोधातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ही लिपी आधी उलगडली ती सामान्य उपासक-उपासिका, भिक्खू-भिक्खुणींच्या दानलेखांतून, राजाज्ञा त्यानंतर वाचल्या गेल्या. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकटच्या सुताराचे आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव कोरलेले आहे. धम्म कुणी उभा केला, याचा हा लेखी पुरावा आहे.

म्हणून लेण्यांवर जाल तेव्हा लेखांवर खडू, तेल, रंग लावू नका आणि कुणाला स्वतःचे नाव कोरू देऊ नका. आधी धम्मलिपी शिका. सुरुवात दानं या शब्दापासूनच करा.