लोखंडी नांगर आणि आमचा मसाला विभाग

भगिनींनो, लहान उद्योग कसा चालवावा यावर यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मंडळाच्या मसाला विभागाचे हिशेब मी अकरा वर्षे लिहीत आहे हे खरे. पण हिशेब लिहिणे निराळे आणि उपदेश करणे निराळे. शिवाय हा विभाग बंद करावा असा ठराव तीन वर्षांपूर्वी मीच लिहून आणला होता, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. तो ठराव मी का आणला आणि का मागे घेतला, हे सांगायचे तर मला एका थोर पुरुषाचे चरित्र सांगावे लागेल. तो पुरुष म्हणजे किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत विद्वान व वेदान्ताची आवड असलेले. मुलाचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला आवड दोनच गोष्टींची, चित्रे काढण्याची आणि यंत्रे उघडून पाहण्याची. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे असे आढळून आले, की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? पण यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंग लागत नाहीत. तेवढी विद्या त्यांनी घट्ट धरून ठेवली आणि तिच्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळवली.

नोकरी करीत असतानाच त्यांनी जोडधंदा सुरू केला. सायकल हे त्या काळी अपूर्वाईचे वाहन होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावी पाठवीत. तेथे बंधू रामूअण्णा त्या विकीत आणि लोकांना चालवावयास शिकवीत. बेळगावातील हे दुकान १८८८ सालचे. येथे मला पहिली गोष्ट शिकण्यासारखी वाटते. हातची मिळकत सोडून एकदम उडी घेण्यापेक्षा, घरच्या विश्वासू माणसाला बरोबर घेऊन धंदा थोडा चालवून पाहावा. कोणता माल खपतो, कोण पैसे वेळेवर देतो, हे अनुभवानेच कळते. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. स्वाभिमानी माणसाला हे सहन होण्यासारखे नव्हते. नोकरी सोडून ते बेळगावी आले, तेव्हा पायाखाली निदान त्या दुकानाची जमीन तरी होती.

बेळगावी त्यांनी प्रथम केले ते कडबा कापण्याचे यंत्र. ज्यांच्या माहेरी गुरे होती त्या भगिनींना ठाऊक असेल, की अख्खी पेंढी टाकली तर जनावर पाने ओरबाडते आणि बुडखे पायाखाली तुडवते. तोच कडबा बारीक करून घातला तर वाया फारसा जात नाही. शेतकऱ्याची नेमकी अडचण पाहून केलेली ती वस्तू होती. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला, आणि खरी परीक्षा झाली ती येथे.

नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर हाकणाऱ्या माणसाने हा नवा नांगर वावरात का घालावा? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. भगिनींनो, दोन वर्षे! आपल्या मसाल्याची पाकिटे एका दुकानात दोन महिने पडून राहिली, तर आपण लगेच एकमेकींच्या हाताला चव नाही म्हणू लागलो होतो. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून धंदा गुंडाळला नाही. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका त्याच्या दृष्टीने खरीच असते, आणि ती रागावून जात नाही. ती जाते ती वस्तू वापरून पाहिल्यावर. खोल नांगरट आणि तिचे पीक डोळ्यांनी पाहिल्यावरच शेतकऱ्याचा विश्वास बसला. आमच्या आजोळच्या गोठ्यात असा एक जुना नांगर भिंतीला टेकून उभा असे. आम्ही मुले त्यावर बसून खेळत असू. त्यासाठी कोणी दोन वर्षे वाट पाहिली होती, हे तेव्हा कोठे ठाऊक?

नांगराचा जम बसू लागला तोच दुसरे संकट आले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने ती खाली करावयास सांगितले. त्या वेळी लक्ष्मणराव औंधच्या राजेसाहेबांसाठी तेथे नाट्यगृह बांधण्याच्या कामात होते. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणांची पारख असलेले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती! १९१० साली त्या माळावर मोजक्या माणसांनिशी किर्लोस्करवाडी उभी राहिली. रामूअण्णांनी वसाहतीचा संसार सांभाळला. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या रानात घर मांडले. पुढे स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

हे मी वाचले ते नेमके आमचीही जागा गेली त्या दिवसांत. ज्या खोलीत आपण सोळा वर्षे मसाला भाजला, ती मालकांना परत हवी होती. करार लेखी नव्हता, सगळे तोंडी. वर्षअखेरीला शिल्लक जेमतेम. मी ठराव लिहिला, की विभाग बंद करून कांडपयंत्र विकावे आणि रक्कम मंडळाच्या खाती जमा करावी. त्या संध्याकाळी आपल्या विभागातील एक भगिनी माझ्या घरी आली. तिच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण या कामावर चालले होते. ती रडली नाही, भांडलीही नाही. भाजलेले धने डब्यात भरून ठेवू की तसेच विकून टाकू, एवढेच तिने विचारले आणि खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. ती किल्ली रात्रभर टेबलावर होती आणि मी हिशेबाच्या वह्या उघडून बसले होते.

तेव्हा जे आढळले ते कबूल करावयास संकोच वाटतो, पण सांगणे कर्तव्य आहे. तोटा मसाल्याचा नव्हताच. तो माझ्या हिशेबाचा होता. किलोमागे आपला कच्चा माल ४८० रुपयांचा आणि विक्री ५२० रुपयांची. मधल्या ४० रुपयांना मी नफा समजत होते. त्यात गॅस, पाकिटे, वीज धरलेली नव्हती. भाजणाऱ्या बायकांचे मानधन तर मंडळाच्या दुसऱ्याच खात्यातून जात होते. शिवाय सभासदांकडे आणि ओळखीच्या दुकानांत मिळून ३१ हजार रुपये उधारी अडकली होती. घरच्या माणसांकडे मागायचे कसे, म्हणून आम्ही मागितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ठराव मागे घेतला. पुढे आपण काय केले ते थोडक्यात लिहिते, म्हणजे नव्या भगिनींना उपयोगी पडेल. किमतीत प्रथम मजुरी धरली, मग बाकीचा खर्च, आणि नफा सर्वांत शेवटी. भाव वाढला तेव्हा चार गिऱ्हाइके तुटली. पण दुकानांतून लहान पुड्या चवीसाठी फुकट ठेवल्या, त्याने नवी मिळाली. उधारी पंधरा दिवसांची, आणि अध्यक्षबाईंनाही तोच नियम. विभागाचे बँकखाते वेगळे केले. नवी जागा घेतली ती लेखी करार करूनच. पाकिटांवर तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक आला. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट होते, तिला दलालाची गरज नाही. कर्ज लागल्यास सावकाराकडे न जाता प्रथम बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. जिल्हा उद्योग केंद्र आणि १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ हीही विचारपूस करण्याची ठिकाणे आहेत.

आणखी एक. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणे थांबले. किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली, पण लोखंड मिळेना. मागणी आहे आणि माल नाही, ही अवस्था दिवाळीच्या तोंडावर आपणही भोगली आहे. म्हणून मिरची आणि धने आता आपण हंगामात, फाल्गुन-चैत्रात घेतो, कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यांत ठेवतो. पावसाळ्यात ओलसर मसाला भरल्याने फुकट गेलेला घाणा कोणी विसरली नसेल.

पुढची कथा वैभवाची आहे, म्हणून लांबवीत नाही. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली. नांगरामागून चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप, इंजिने आली. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. १९२० साली कारखान्याची वार्ता देणारे ‘किर्लोस्कर खबर’ पुतणे शंकरराव यांनी सुरू केले, आणि त्याच छापखान्यातून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. माझी आई ते अंक बांधून ठेवीत असे. नांगराच्या कारखान्यातून बायकांच्या मनाची मशागत करणारे मासिक निघावे, हे मला नेहमीच योग्य वाटत आले आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

आपला विभाग काही किर्लोस्करवाडी नव्हे. चौदा बायका, एक कांडपयंत्र आणि भाड्याची खोली, एवढाच आपला पसारा. पण गेल्या मार्चअखेर सर्व खर्च जाऊन प्रथमच खरी शिल्लक राहिली, आणि त्या भगिनीची मुलगी आता रुग्णालयात नोकरीस लागली आहे. किल्ली त्याच भगिनीकडे आहे. वर्धापनदिनी सर्व भगिनींना माझी एवढीच विनंती, की उधारी राहिली असेल तर ती कार्यक्रमाआधी खजिनदारांकडे जमा करावी.