लोकमान्यांचे पथ्य आणि आपली लघवी तपासणी

आमच्या सरकारी रुग्णालयात खोपट एसटी डेपोच्या आसपासचे बरेच मधुमेही येतात. साखरेचा रिपोर्ट प्रत्येकाच्या पिशवीत असतो, लघवीतल्या प्रथिनांचा क्वचितच. अशा वेळी मला लोकमान्य टिळक आठवतात.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. लहानपणी प्रकृती किरकोळ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालमीला आणि पोहण्याला दिले. ते वर्ष वाया गेले, पण शरीर कमावले गेले. पुढे केसरी, खटले आणि तुरुंगवास याच शरीराने सोसले.

१९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. वय ५२, सोबत मधुमेह. तेव्हा इन्सुलिन नव्हते, गोळ्याही नव्हत्या. औषध एकच, पथ्य. तुरुंगात त्यांनी नेहमीच्या भात-पोळीऐवजी जवाच्या पिठावर आणि दुधावर भर दिला. त्याच कोठडीत गीतारहस्य लिहिले. जून १९१४ मध्ये सुटल्यावर होमरूलची चळवळ केली, इंग्लंडचा प्रवास केला. जुलै १९२० मध्ये मुंबईत ते तापाने आजारी पडले आणि १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. वय ६४. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला.

त्या काळी मधुमेह ओळखायचा तो लघवी तापवून, त्यातली साखर पाहून. लघवीतली प्रथिने पाहण्याची रीत तर त्याहून जुनी. लंडनच्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्येच मूत्रपिंडाचा आजार आणि अशी लघवी यांचा संबंध दाखवला होता. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी साका धरे.

आज हीच तपासणी कितीतरी सूक्ष्म झाली आहे. मूत्रपिंडाची चाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या वर राहिले, तर डायलिसिसचाच नव्हे, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढलेला असतो. या टप्प्यावर दुखत काहीच नाही आणि क्रिएटिनिनही बहुधा नॉर्मल येते. म्हणूनच हा इशारा मोलाचा.

ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. त्यामुळे एका रिपोर्टने घाबरू नका, तपासणी पुन्हा करा. मात्र ते खरोखर वाढलेले असेल, तर रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवून व मूत्रपिंड जपणारी औषधे घेऊन झीज मंदावता येते.

लोकमान्यांच्या हाती फक्त पथ्य होते आणि ते त्यांनी कोठडीतही सांभाळले. आपल्या हाती त्याहून खूप काही आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या.