नाना शंकरशेट आणि इंग्रजीचे शिक्षण

आपल्या दैवज्ञ ज्ञातीत जन्मास येऊन अवघ्या मुंबापुरीचे भूषण ठरलेल्या पुरुषांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचे दातृत्व आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आम्ही आयुष्यभर माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकविले. म्हणून त्यांच्या चरित्रातील एका निराळ्या प्रसंगाकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधावे, असे वाटते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घरी शिक्षक ठेवून वडिलांनी त्यांस इंग्रजी शिकविले. १८२२ साली पितृछत्र हरपले आणि ऐन तारुण्यात व्यापाराचा भार शिरी आला. त्याच वर्षी मुंबईत हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिच्या कार्यात नाना हिरिरीने पडले. मराठीत शालोपयोगी पुस्तके सिद्ध करणे व इंग्रजीची शाळा चालविणे ही दोन्ही कामे त्या मंडळीने केली.

१८४० साली शिक्षणमंडळ स्थापन झाले व नाना त्याचे सभासद झाले. पुढे सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना मोठा वाद उपस्थित झाला. सरकारी पैसा मुख्यत्वे इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा, हे पेरी यांचे मत. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत; साहेबलोकांत त्यांची ऊठबस होती. तरीही बहुजनांस ज्ञान मिळावयाचे ते मातृभाषेतूनच मिळेल, असे त्यांनी निक्षून मांडले. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा व कर्नल जर्व्हिस हे त्यांच्या बाजूस उभे राहिले. नानांचा विरोध इंग्रजीस नव्हता. इंग्रजीसाठी मराठीचा बळी देण्यास होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यात लोकशिक्षण देशी भाषांतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून, असे धोरण ठरले.

या प्रसंगाचे मर्म आम्हांस वर्गात उमगले. एका हुशार विद्यार्थ्याने गाईवरील इंग्रजी निबंध घडाघडा म्हणून दाखविला. त्याच्या एका वाक्याचा अर्थ मराठीत विचारताच तो खाली मान घालून उभा राहिला. दोष त्याचा नव्हता. पाठांतरास गुण देणाऱ्या आमचाच होता. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक धड्याचा आशय प्रथम मुलांकडून मराठीत वदवून घेऊ लागलो, मग इंग्रजीत.

नानांनी १८४९ च्या सुमारास स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात प्रथम येणाऱ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली; १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली.

आज आपल्यातील बहुतेक कुटुंबे मुलांस इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडतात. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. आमची नातवंडेही तेथेच जातात. मात्र सायंकाळी मूल घरी आले, की आज काय शिकलास, हे त्यास मराठीत सांगावयास लावावे. त्यास अडखळल्याविना सांगता आले, तर ते खरोखर शिकले असे समजावे. नानांचे स्मरण करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.