एका पेनीचा कादंबरीकार

जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स हा इंग्रज कादंबरीकार १९ जून १८७९ रोजी लंडनमध्ये वारला, तेव्हा ग्रंथव्यवसायाला वाहिलेल्या तिथल्या एका नियतकालिकाने त्याची गणना त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय लेखकात केली आणि त्याच्या पुस्तकांचा खप डिकन्सच्या पुस्तकांपेक्षाही अधिक असल्याचे नमूद केले. आज इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव क्वचितच आढळते. खून, प्रेमप्रकरणे, प्रेतचोर, नरवृक आणि सैतानाशी केलेले करार यांनी त्याच्या कादंबऱ्या भरलेल्या आहेत. अशा पुस्तकांना प्रतिष्ठितांनी नाके मुरडावी आणि सामान्यांनी ती रात्र जागून वाचावी, ही रीत जुनीच आहे. परंतु रेनॉल्ड्सचे चरित्र पाहिले म्हणजे हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून किंमतीचा आणि क्रयशक्तीचाही आहे, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तरी जाणवल्यावाचून राहत नाही.

रेनॉल्ड्सचा जन्म २३ जुलै १८१४ रोजी केंट परगण्यातील सँडविच या गावी झाला. वडील आरमारात अधिकारी होते. मुलानेही लष्करी पेशा पत्करावा म्हणून त्याला सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात घालण्यात आले. पण १८३० मध्ये त्याने ते सोडले आणि हाती आलेला वारसा घेऊन पॅरिस गाठले. राजसत्तेविरुद्ध नुकताच उठाव झालेल्या त्या शहरात त्याला लोकसत्ताक विचारांची दीक्षा मिळाली. तेथेच त्याने लेखन आणि प्रकाशन यांत पैसा घातला, तो बुडाला, आणि १८३५ मध्ये विवाहबद्ध झालेल्या सुझॅनासह तो रिक्त हस्ताने मायदेशी परतला. तीही पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आली. डिकन्सच्या पिक्विक साहेबांना परदेशात फिरवून आणणारी एक कादंबरी त्याने १८३७ मध्ये लिहावयास घेतली. ती खपली, पण त्यामुळे डिकन्सचा रोष त्याने कायमचा ओढवून घेतला.

त्याचे खरे भाग्य उघडले ते ऑक्टोबर १८४४ मध्ये. फ्रेंच लेखक यूजेन स्यू याच्या पॅरिसवरील रहस्यकादंबरीने युरोपभर खळबळ माजवली होती. तिच्या धर्तीवर रेनॉल्ड्सने 'मिस्टरीज ऑफ लंडन' ही कादंबरी साप्ताहिक अंकांच्या रूपाने सुरू केली. प्रत्येक अंकात दाट छपाईची आठ दुस्तंभी पाने, वर लाकडी ठशाचे एक चित्र, आणि किंमत एक पेनी. त्या वेळी तीन खंडांची नवी कादंबरी विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग मोजावे लागत. डिकन्सच्या मासिक अंकालाही एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी पडत. वर्षाला वीस पौंड मिळवणाऱ्या मजुराची जवळजवळ महिन्याची कमाई त्या तीन खंडांत गेली असती. पेनी मात्र त्याला परवडत होती. या मालिकेचा खप आठवड्याला चाळीस हजार प्रतींच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. लंडनच्या गोरगरिबांच्या राहणीची पाहणी करणाऱ्या हेन्री मेह्यूला असे आढळले, की निरक्षर फेरीवालेदेखील कुणा वाचता येणाऱ्याभोवती कोंडाळे करून रेनॉल्ड्स ऐकत असत.

या श्रोत्यांना तो काय देत होता? दोन भाऊ एका टेकडीवरील दोन झाडांपाशी निरोप घेतात आणि बारा वर्षांनी तेथेच भेटण्याचे ठरवतात. एक सन्मार्गाने जातो, दुसरा लबाडीने वर चढतो. अवतीभोवती खुनी, जुगारी, आणि थडगी उकरून प्रेते विकणारा एक भयंकर इसम वावरतो. पण या साऱ्या धामधुमीत लेखक मध्येच थांबतो आणि चक्क उत्पन्नाचा तक्ता मांडतो. राणीला वर्षाला पाच लक्ष पौंड, सरदाराला तीस हजार, धर्मगुरूला साडेसात हजार, मध्यमवर्गीयाला तीनशे आणि श्रमजीवी माणसाला वीस! हे आकडे संख्याशास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरतील असे नाही. तथापि विषमता म्हणजे काय, हे राणीच्या राज्यात एका पेनीला सांगणारे दुसरे क्रमिक पुस्तक त्या मजुराला ठाऊक नव्हते.

१८४६ च्या अखेरीस त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले आणि पहिल्याच अंकापासून 'वॅग्नर' ही नरवृकाची कथा सुरू केली. अरण्यात एकाकी पडलेला एक जराजर्जर धनगर तारुण्य आणि संपत्ती यांच्या मोबदल्यात दर महिन्याच्या अखेरीस लांडगा होण्याचा शाप पत्करतो. पुढे सोळाव्या शतकातील फ्लॉरेन्स नगरीत तो निसिदा नावाच्या मानी स्त्रीच्या प्रेमात पडतो, आणि त्याच्या घरात झालेल्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो. तो खून करणारी निसिदाच असते. अद्भुत, खून आणि शृंगार यांचे जे मिश्रण आजच्या नागरी अद्भुत कादंबऱ्यांत आढळते, त्याचा एक मूळ नमुना येथे सापडतो.

कथेबाहेरचा रेनॉल्ड्सही स्वस्थ बसणारा नव्हता. ६ मार्च १८४८ रोजी ट्रॅफल्गार चौकात प्राप्तिकराविरुद्ध सभा भरायची होती. संयोजकाने ऐनवेळी माघार घेतली, तेव्हा रेनॉल्ड्सने अध्यक्षपद स्वीकारले आणि सभेला फ्रान्समधील नव्या क्रांतीचे अभिनंदन करावयास लावले. कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत तो त्यानंतर पुढारी म्हणून वावरला. १८५० मध्ये त्याने सुरू केलेले लोकपक्षाचे वृत्तपत्र नावे बदलत १९६७ पर्यंत चालले. त्याच वर्षीच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीवरील कादंबरीत त्याने एका झग्याचा प्रवास दाखवला आहे. शिवणारीच्या हातून तो एका मध्यस्थाकडून दुसऱ्याकडे जात अखेर सरदारपत्नीपर्यंत पोचतो. प्रत्येक पायरीवर किंमत चढते, शिवणारीची मजुरी तेवढी जागच्या जागी राहते. मध्यस्थांच्या साखळीचे याहून सुबोध विवेचन मी तरी वर्गात करू शकलेलो नाही.

याचा अर्थ तो साधुपुरुष होता असा नव्हे. वाचक खेचण्यासाठी त्याने स्त्रियांच्या विटंबनेची आणि रक्तपाताची वर्णने गरजेपेक्षा लांबवली. त्याची दिवाळी वारंवार निघाली हे खरे. पण उत्तरायुष्यात तो गरिबांच्या पेनींवरच श्रीमंत झाला. डिकन्सने आपल्या साप्ताहिकाच्या आरंभीच त्याच्यासारख्यांवर कोरडे ओढले, आणि मार्क्सने एंगल्सला लिहिताना त्याला धनिक आणि चतुर सट्टेबाज ठरवले. हे आक्षेप निराधार नव्हते. परंतु पोटार्थी लेखकाच्या हातूनही वाचकाचे हित होऊ शकते, एवढे मान्य करायला हरकत नसावी. १८५८ मध्ये सुझॅना निवर्तली आणि त्यानंतर एकदोन वर्षांतच त्याचे कादंबरीलेखन जवळजवळ थांबले.

इंग्लंड त्याला विसरू लागले, तेव्हा हिंदुस्थानात त्याची नवी कारकीर्द सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात येथे सर्वाधिक वाचल्या आणि भाषांतरिल्या गेलेल्या इंग्रज कादंबरीकारांत त्याची गणना होते. प्रेमचंदांनी पोरवयात त्याची उर्दू भाषांतरे अधाशीपणे वाचली. मराठीत हरिभाऊ आपटे यांची 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी १८८५ च्या सुमारास 'पुणेवैभवा'त येऊ लागली, ती जुन्या लंडनच्या रहस्यांवरील रेनॉल्ड्सच्या कादंबरीच्या धर्तीवर. पुढे १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून केशवपनाच्या रूढीवर समाजाला अंतर्मुख केले. दोघांची प्रतिभा निराळी, संयम निराळा. पण शहराच्या प्रतिष्ठित बुरख्याआड डोकावायचे आणि ते हप्त्याहप्त्याने सामान्य वाचकाच्या हाती द्यायचे, ही वाट हरिभाऊंना प्रथम दिसली ती त्या पेनीच्या कादंबरीकाराच्या पुस्तकांत.

आम्ही शिक्षक विद्यार्थ्याच्या हातात खुनाची किंवा भुताखेतांची कादंबरी पाहिली, की तिचे नाव वाचण्याआधीच कपाळाला आठ्या घालतो. रेनॉल्ड्सच्या वाचकांबद्दलही त्या काळच्या सुशिक्षितांनी हेच केले. त्या वाचकांपैकी अनेकांनी आपला पहिला छापील कागद त्याच्यामुळे हातात धरला, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या मुलाला वाचनाची भूक आहे, एवढे तरी सिद्ध झालेले असते. त्याच्या खिशाला परवडेल अशा दरात त्याला दुसरे काय उपलब्ध आहे, आणि आपल्या ग्रंथालयाचे कपाट त्याच्यासाठी किती वेळ उघडे असते, याची चौकशी आपण आधी करावी. रागावण्याचा अधिकार त्यानंतर प्राप्त होतो.